आराधनेची भाषा अभिजात झाली, आता पुढे?

पहाटे सामायिकाला बसलेली आजी ज्या भाषेत नवकार म्हणते ती कोणती, असे नातवाने विचारले तर अनेक घरांत ‘संस्कृत’ असे उत्तर मिळते. वस्तुतः ती प्राकृत होय. दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, आसामी व बंगाली यांच्यासह प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाराष्ट्रातील जैन कुटुंबांची व्यवहाराची भाषा आणि आराधनेची भाषा अशा दोन्ही भाषा एकाच दिवशी गौरविल्या गेल्या.

अभिजात भाषांची ही श्रेणी २००४ मध्ये निर्माण झाली. त्या वर्षी तमिळ, २००५ मध्ये संस्कृत, २००८ मध्ये तेलुगू व कन्नड, २०१३ मध्ये मल्याळम आणि २०१४ मध्ये ओडिया यांना हा मान मिळाला. आज अभिजात भाषांची संख्या ११ असून त्यांपैकी चार द्राविड कुलातील, तर सात भारतीय-आर्य कुलातील आहेत. दोन्ही कुलांत जैन साधूंची व कवींची लेखणी चालली. कन्नडमध्ये पंप, पोन्न व रन्न यांना रत्नत्रय म्हणतात. तमिळमधील ‘जीवकचिंतामणी’ हे महाकाव्य जैन मुनी तिरुत्तक्कदेवर यांचे. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी कन्नड व तमिळसोबत मराठी ओळीही कोरलेल्या आहेत.

प्राकृतचा संबंध बाजारपेठेशीही तितकाच जवळचा आहे. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तीत एका गजबजलेल्या पेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदे करीत आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातील व्यापारीही आहे. पुणे जिल्ह्यात मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा, दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शिलालेख आहे. त्यात लेणे व पाण्याचे टाके यांच्या दानाची नोंद आहे.

हा ठेवा आपोआप टिकला नाही. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या ‘षट्खंडागमा’वरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत. पण त्या वाचणारे विरळाच. मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. पुढे विदिशाच्या शेठ लक्ष्मीचंद यांनी दिलेल्या दानातून उभ्या राहिलेल्या निधीमुळे मुद्रणाचा मार्ग मोकळा झाला. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. सोळा खंडांचे ते कार्य विद्वानाची विद्या आणि व्यापाऱ्याची थैली एकत्र आल्यामुळेच सिद्धीस गेले.

आज प्रश्न निराळा आहे. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत. प्राकृत घरात बोलणारे कोणी नाही. ती स्वाध्यायात आणि प्रतिक्रमणातच जिवंत आहे. तेथेही पाठांतर शुद्ध असते, पण अर्थ हरवलेला असतो. ‘मिच्छा मि दुक्कडं’ प्रत्येक जण म्हणतो. परंतु ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’ हा त्याचा सरळ अर्थ कित्येक तरुणांना ठाऊक नसतो. अर्थ कळला नाही तर क्षमायाचनाही केवळ शुभेच्छापत्रापुरती उरते.

शासनाच्या मान्यतेमुळे अध्ययन केंद्रे, अध्यासने व पुरस्कार यांची वाट मोकळी होते. मात्र पाठशाळेत बालकाला बसविण्याचे काम शासन करू शकत नाही. ते घरानेच करावयाचे आहे. रोज एक गाथा अर्थासह वाचावी. संस्कृत शिकणाऱ्या मुलांना प्राकृत व्याकरणाची गोडी लावावी. वाड्यातील पेटीत जुनी हस्तलिखिते असतील तर ती रद्दीत वा विसर्जनात न जाता जाणत्या भांडाराकडे सोपवावीत. विवाहप्रसंगी होणाऱ्या दानात एखाद्या प्राकृत विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीलाही स्थान असावे.

पूर्वजांनी ठेवलेले हे मुद्दल मोठे आहे. त्याची नोंद आता राष्ट्राच्या वहीत झाली. मात्र नातवाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर आजीपाशी भाषेचे नाव आणि नवकाराचा अर्थ ही दोन्ही उत्तरे असली पाहिजेत.