यंत्र विकत घेण्याआधी फॅब लॅब गाठा

लेझर कटर घरी आणण्याआधी फॅब लॅबसारख्या सामायिक कार्यशाळेचे सभासद व्हा. महागडं यंत्र एकट्याकडे बहुतेक वेळ धूळ खात पडतं. दहाजणांत ते राबतं आणि शेजारच्या टेबलावरच्या जाणकाराचा सल्लाही मिळतो. ‘हे शहरी इंजिनिअरांचे चोचले’ असं कुणी म्हणेल. पण डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात विज्ञान आश्रम सुरू केला आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली.

अपघाताची भीती मात्र रास्त आहे. लेझरखाली ॲक्रिलिक चालतं. पीव्हीसी ठेवलं तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, यंत्रही गंजतं. म्हणूनच आधी रीतसर प्रशिक्षण घ्या, मगच यंत्राला हात लावा. घरी एकट्याला हे कोण शिकवणार?