नोकरी करत नर्सिंग शिकता येतं का? हजेरी, नाइट ड्युटी आणि पैशांचं गणित समजून घ्या

‘दिवसा कॉलेज करेन, रात्री एखाद्या हॉस्पिटलमध्ये ड्युटी करेन.’ बारावीनंतर नर्सिंगला जाणारी अनेक मुलं-मुली घरच्यांना असंच सांगतात. घरची परिस्थिती बेताची असते, फी भरायची असते, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. बी.कॉम. किंवा बी.ए. करताना असं करणारे कितीतरी जण आपल्या ओळखीत असतात. मग नर्सिंगमध्ये का जमू नये?

कारण नर्सिंगचा अभ्यासक्रमच वेगळा आहे.

नियम काय सांगतो?

देशभरातलं नर्सिंग शिक्षण कसं असावं, हे इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. बारावीनंतरचा बी.एस्सी. नर्सिंग हा ४ वर्षांचा, म्हणजे ८ सत्रांचा कोर्स आहे. थिअरी, लॅब आणि वॉर्डातली पोस्टिंग धरून आठवड्याचे ४० तास त्यात जातात. शेवटच्या सत्रातल्या इंटर्नशिपमध्ये २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास काम असतं.

परीक्षेला बसायचं तर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे किमान ८० टक्के हजेरी लागते. शिवाय पदवी मिळण्याआधी वॉर्डातल्या प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे आजारपणात बुडालेली पोस्टिंगसुद्धा नंतर भरून काढावी लागते. मित्राच्या नोट्सची झेरॉक्स काढून पेपर देता येईल, वॉर्डातल्या तासांची झेरॉक्स निघत नाही.

मग उरतात किती तास?

आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातले कॉलेजचे ४०. रोज ७ तास झोप धरली तर ४९. जेवण, आंघोळ, कपडे धुणं वगैरेंसाठी रोज ३ तास म्हणजे २१. प्रवासाचे १० आणि केस स्टडी, असाइनमेंट, अभ्यासाचे १५. बेरीज होते १३५. उरले ३३ तास.

आकडा ठीक वाटतो. पण १२ तासांच्या तीन नाइट धरल्या तरी ३६ तास होतात, म्हणजे इथेच ३ तास कमी पडले. शिवाय हे ३३ तास सलग मिळत नाहीत. संध्याकाळी दोन, रविवारी चार असे तुकड्यांत मिळतात. नाइट ड्युटी मात्र सलग वेळ मागते आणि तो झोपेतूनच जातो.

झोप कमी झाली तर बिघडतं काय?

कोणी म्हणेल, चार वर्षं काढू की कशीतरी! पण इथे प्रश्न फक्त तुमच्या तब्येतीचा नाही.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. भारतात गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे.

आता दुपारी दोन-तीन तास झोपून संध्याकाळी ५ ला उठलेली आणि ८ ला नाइटला गेलेली विद्यार्थिनी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला ती पोस्टिंगला वॉर्डात उभी असते, तेव्हा तिला जागं राहून १७ तास झालेले असतात. नेमक्या त्याच वेळी तिच्यासमोर औषधांचा ट्रे असतो. ०.५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम यांत फरक एका टिंबाचा. पेशंटला तो जिवावर बेतू शकतो.

‘कॉलेजला यायची गरज नाही’ असं कोणी सांगितलं तर?

तिथून निघा. ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश म्हणजे हजेरीपटावर खोट्या सह्या. उद्या चौकशी झाली तर पदवी आणि नोंदणी दोन्ही अडचणीत येतात. नाही झाली, तरी हातात कौशल्य नसतंच. बारावीनंतरचा बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम घरबसल्या, दूरशिक्षणाने होत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा धोका छोट्या हॉस्पिटलांमधला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीला अंगावर युनिफॉर्म चढवून ‘सिस्टर’ म्हणून उभं केलं जातं. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ती नसताना एकटीने इंजेक्शन द्यायला सांगितलं तर स्पष्ट नकार द्या. चूक झाली तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

मग पैशांचं काय?

आधी हे तीन पर्याय तपासा, नोकरीचा विचार नंतर.

• फी सवलत: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तुमच्या कॉलेजला ती लागू आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा.

• शिष्यवृत्ती: इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरता येतात. मुदत चुकवू नका.

• शैक्षणिक कर्ज: बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. परतफेड साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होते.

तरीही काम करावंच लागलं, तर ते नाइटचं नको. शनिवार-रविवारी ट्युशन, मेडिकल स्टोअरचा काउंटर, रिसेप्शन असं काम बघा. वरचं गणित पाहता आठवड्याला १०-१२ तासांपलीकडे जाऊ नका. परीक्षेच्या आणि कठीण पोस्टिंगच्या काळात सुट्टी मिळेल, हे कामाला लागतानाच बोलून घ्या.

आधी कमवायचं असेल तर?

तोही रस्ता आहे, आणि बऱ्याच घरांसाठी तोच जास्त व्यवहार्य आहे. ३ वर्षांचा जीएनएम करा, नोंदणी करा, पगार सुरू करा. पुढे पदवी हवी तर २ वर्षांचा नियमित पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतो.

नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आहे. बारावी आणि जीएनएम झालेल्या, नोंदणीकृत, किमान २ वर्षांचा अनुभव असलेल्या आणि सध्या नोकरीत असलेल्या नर्सेससाठीच तो आखलेला आहे. किमान कालावधी ३ वर्षांचा. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि प्रॅक्टिकलचे संपर्कवर्ग इथेही सुटत नाहीत.

एम.एस्सी. नर्सिंगसाठी तर पदवीनंतर किमान १ वर्षाचा अनुभव मागतातच. म्हणजे मध्ये केलेली नोकरी वाया जात नाही.

नोकरीत असाल, तर फॉर्म भरण्याआधी मेट्रन किंवा एचआरला तीन गोष्टी विचारा. अभ्यास रजा मिळते का? ती पगारी की बिनपगारी? संपर्कवर्गांच्या दिवसांत ड्युटी बदलून मिळेल का? उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. वॉर्डात स्टाफ कमी पडला की तोंडी शब्द कोणाच्या लक्षात राहत नाही.

शिकता शिकता कमावणाऱ्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं. नर्सिंगच्या बाबतीत ते जरा जपून करायला हवं. फॉर्म भरायचे दिवस जवळ आले असतील, तर घरी बसून वरचं १६८ तासांचं गणित स्वतःचे आकडे घालून एकदा मांडा. झोपेचे तास मात्र कमी करू नका.