कानांतली भुते

भुताच्या गोष्टीची हौस सातारा-सांगलीकडे काही आजची नाही. पूर्वी ती आजीच्या तोंडून ऐकायची, पुढे नारायण धारपांच्या पुस्तकांत वाचायची. आता ती मोबाइलवरच्या पॉडकास्टमधून थेट कानांत शिरते.

फरक एवढाच, की गोष्ट संपली म्हणजे आजी अंगावर पांघरूण घाली. पॉडकास्टवाला मात्र पुष्कळदा ‘ही सत्यघटना आहे’ अशी ग्वाही देतो आणि श्रोता अंधारात एकटा उरतो.

ही ग्वाही स्वस्त नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९८९ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब आहे, ती भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीची. भूत खोटे असेल. त्याच्या नावाने एखाद्या सुनेच्या पाठीवर उठलेले वळ खरे असतात.

म्हणून, वाचकहो, मुलांची हौस मोडू नका. भयरस हाही रसच आहे! एखाद्या रात्री त्यांच्याजवळ बसून ऐका, आणि शेवटी सहज विचारा : “हे पाहिले कोणी?”