शब्द आणि ताल यांचे सहकर्तृत्व : 'ब्लॅकॅलिशस' या जोडीची वाटचाल

हिप-हॉपमधील रचनेचा कर्ता कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मंचावर जो बोलतो त्याला आपण कवी मानतो आणि त्याच्या मागे जे वाजते त्याला साथ. मुद्रित संहितेवर पोसलेल्या साहित्याभ्यासाला ही विभागणी सोयीची आहे. कारण शब्द कागदावर उतरवता येतात, ताल तसा उतरत नाही. कॅलिफोर्नियातील 'ब्लॅकॅलिशस' या जोडीच्या वाटचालीच्या आधारे ही विभागणी कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या जोडीतील रॅपर टिमथी पार्कर 'गिफ्ट ऑफ गॅब', म्हणजे वाक्चातुर्याचे देणे लाभलेला, या नावाने ओळखला जातो. प्रोड्यूसर झेव्हियर मोझ्ली 'चीफ एक्सेल' या नावाने. येथे प्रोड्यूसर म्हणजे भांडवल घालणारा निर्माता नव्हे. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे निवडणे, ते कापणे, त्यांचा वेग बदलणे आणि ड्रमच्या ठोक्यांवर त्यांची नवी जुळणी करून 'बीट' सिद्ध करणे, हे त्याचे काम. बीट ही अशा रीतीने स्वतःच एक अवतरणांची रचना असते.

दोघांची ओळख १९८७ मध्ये सॅक्रामेंटोतील एका शाळेत झाली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील परिसरात, विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्राभोवती, डीजे शॅडो, लिरिक्स बॉर्न, लतीफ आणि पुढे हिप-हॉपचा इतिहासकार म्हणून नावारूपाला आलेला जेफ चँग असा एक गट जमला. त्यांनी 'सोलसाइड्स' ही स्वतःची ध्वनिमुद्रणसंस्था काढली. तिचेच पुढे 'क्वानम' झाले. ब्लॅकॅलिशसची 'मेलोडिका' १९९४ मध्ये येथूनच निघाली. 'अंडरग्राउंड' या विशेषणाचा अर्थ येथे ध्यानात येतो. त्यात गुप्ततेपेक्षा निर्मिती व वितरणाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवण्याचा भाग अधिक. मराठी वाचकाला साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या उदाहरणावरून ही भूमिका समजण्यास अडचण पडू नये. डीजे शॅडोच्या १९९६ च्या 'एंडट्रोड्यूसिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात चीफ एक्सेल दिसतो. प्रोड्यूसरचे ग्रंथालय कोणते, हे त्या छायाचित्रावरून सहज कळते.

जोडीची सर्वाधिक गाजलेली रचना म्हणजे १९९९ मधील 'अल्फाबेट एरोबिक्स'. इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर क्रमाने घेऊन गॅब त्या अक्षराचा अनुप्रास साधत जातो आणि बीटचा वेग टप्प्याटप्प्याने वाढत जातो. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हे शब्दचित्र होय. आणि मम्मटाने चित्रकाव्याला अवर, म्हणजे कनिष्ठ, कोटीत घातले आहे. रचना केवळ कागदावर वाचली तर हा निवाडा पटण्याजोगा वाटतो. परंतु ऐकताना तिचे नाट्य अनुप्रासात उरत नाही. वाढत्या गतीपुढे श्वास टिकेल की नाही, या ताणात ते असते. हा ताण बीटने निर्माण केलेला आहे. विशेष म्हणजे ती बीट एक्सेलची नव्हे, 'कट केमिस्ट' या दुसऱ्या प्रोड्यूसरची आहे. २०१४ मध्ये डॅनियल रॅडक्लिफ या अभिनेत्याने अमेरिकन दूरचित्रवाणीवर ही रचना म्हणून दाखवली, तेव्हा ती जगभर पोहोचली. त्या प्रसिद्धीने गॅबची ओळख जिभेच्या कसरतीशी बांधली गेली आणि एक्सेल दृष्टिआड राहिला.

वास्तविक जोडीचा खरा विचार तिच्या दीर्घ अल्बमांत आहे. पहिल्याचे नाव 'निया'. स्वाहिली भाषेतील या शब्दाचा अर्थ 'हेतू' असा असून, आफ्रिकी-अमेरिकी समाजात १९६६ पासून साजऱ्या होणाऱ्या क्वान्झा उत्सवाच्या सात तत्त्वांपैकी ते एक आहे. त्यातील 'डिसेप्शन' ही रचना यशाने भरकटलेल्या रॅपरची कथा सांगते; तेथे गॅब कसरत आवरतो आणि निवेदनाला जागा देतो. २००२ च्या 'ब्लेझिंग अ‍ॅरो'मध्ये गिल स्कॉट-हेरन आणि सॉल विल्यम्स हे कवी सहभागी आहेत. एका पिढीचा उच्चारित कवितेचा वारसा दुसरीच्या शेजारी बसवण्याची ही योजना संगीतरचनेच्या पातळीवर सिद्ध होते, आणि तेथे एक्सेलचे कर्तृत्व स्पष्ट होते. पडताळा म्हणून गॅबचा २००४ मधील एकल अल्बम घ्यावा. त्यात बीट इतरांच्या आहेत. वाणी तीच, कौशल्य तेच. पण शब्दांना उत्तर देणारा, कधी त्यांना अडवणारा दुसरा आवाज तेथे जाणवत नाही.

'ब्लेझिंग अ‍ॅरो' एमसीए या मोठ्या कंपनीने काढला. ती कंपनीच २००३ मध्ये गेफन या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. 'द क्राफ्ट' २००५ मध्ये स्वतंत्र संस्थेकडून आला. त्यानंतर दहा वर्षांचे अंतर पडले. २०१२ मध्ये गॅबची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. डायालिसिस चालू असतानाच २०१५ चा 'इमानी, खंड पहिला' सिद्ध झाला. 'इमानी' म्हणजे श्रद्धा. क्वान्झाचे सातवे आणि अखेरचे तत्त्व. ज्या कवीची सारी कला श्वासाच्या हिशेबावर उभी, त्याच्या देहाची ही परीक्षा होती. २०२० मध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. १८ जून २०२१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

येल विद्यापीठाने २०१० मध्ये रॅपचा बृहत्संग्रह प्रकाशित केला, तेव्हा या काव्याला विद्याक्षेत्रात मान्यता मिळाली, हे खरे. परंतु अशा संग्रहात छापले जातात ते शब्दच. ब्लॅकॅलिशसचे उदाहरण सांगते की त्या शब्दांचे छंदःशास्त्र दुसऱ्याच्या हातून घडलेले असते. छंद हा काव्याचा घटक मानणाऱ्या अभ्यासकाला छंद घडविणारा साथीदार म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. रॅपच्या तौलनिक अभ्यासात कर्त्याच्या रकान्यात दोन नावे लिहिण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि दुसऱ्या नावाचे वाचन कानाने करावे लागेल.