सोसायटीच्या वॉचमनची पेन्शन

मुलुंड किंवा बोरिवलीतली ४८ घरांची एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणा. संस्थेच्या पगारावर सहा माणसे आहेत: तीन पाळ्यांचे तीन वॉचमन, दोन सफाई कामगार आणि एक मॅनेजर. वरच्या घरांतल्या कितीतरी आजी-आजोबांना बँकेची, रेल्वेची किंवा महापालिकेची पेन्शन येते. खालच्या सहाजणांपैकी एकालाही ती मिळणार नसते. आणि यात कमिटीने कोणताही कायदा मोडलेला नसतो.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला तो कापड, सिमेंट, कागद, सिगारेट, लोखंड-पोलाद आणि अभियांत्रिकी या सहाच उद्योगांना लागू होता आणि कारखान्यात किमान ५० कामगार असावे लागत. १९६० मध्ये ही संख्या २० वर आली. त्याखालच्या आस्थापनांना सक्ती नाही. सहकारी संस्थांना तर आणखी सूट मिळाली: ५० पेक्षा कमी नोकर असतील आणि काम विजेच्या यंत्रांविना चालत असेल, तर कायदा लागू नाही. एजन्सीमार्फत आलेल्या पहारेकऱ्याचा पीएफ एजन्सीने भरायचा असतो. संस्थेने स्वतः नेमलेला वॉचमन मात्र या आकड्यांच्या खाली राहून जातो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात काम करणारे आठ-दहा कामगार, घाटकोपरच्या दवाखान्यातली कंपाउंडर मुलगी, यांचीही गत तीच.

पण याच कायद्याच्या पहिल्या कलमात, चौथ्या पोटकलमात, एक विलक्षण तरतूद आहे. मालक आणि बहुसंख्य नोकर यांनी मिळून ‘हा कायदा आम्हाला लागू करा’ असे ठरवले, तर केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त राजपत्रात अधिसूचना काढून तो लागू करू शकतात. २० च्या आकड्याची आणि सहकारी संस्थांच्या सवलतीची, दोन्हींची अडचण हे पोटकलम बाजूला सारते. आमच्या सहाजणांच्या उदाहरणात चौघांची संमती पुरे. कायद्याने ज्यांना सोडून दिले, त्यांनी स्वतः येऊन त्याचे बंधन मागायचे, अशी सोय आपल्याकडच्या कायद्यांत फारशी दिसत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही ऐच्छिक वाट कायम आहे. तिथे उभयपक्षी संमतीने पुन्हा बाहेर पडण्याचीही मुभा दिली आहे.

खर्च किती येतो, ते मांडून पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून प्रत्येकी १२,००० रुपये धरा. २० पेक्षा कमी नोकर असलेल्या आस्थापनेसाठी १९५२ च्या कायद्याखालचा दर नेहमीच्या १२ टक्क्यांऐवजी १० टक्के आहे. म्हणजे नोकराचे १,२०० आणि संस्थेचे १,२००. सहाजणांचे संस्थेला ७,२०० पडतात. त्यात विम्याचा अर्धा टक्का, म्हणजे ३६० रुपये, आणि प्रशासकीय खर्चाचे किमान ५०० मिळवा: एकूण ८,०६०. ४८ घरांत वाटले तर घरटी महिन्याला सुमारे १६८ रुपये. दिवाळीची पोस्त आपण वर्षातून एकदा हौसेने देतो. हे पैसे दरमहाच्या मेंटेनन्समध्ये कुणाला जाणवणारही नाहीत.

त्यातून मिळते काय? संस्थेच्या १,२०० पैकी पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये, १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू असलेल्या पेन्शन योजनेत जातात. केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालते. उरलेले पैसे नोकराच्या स्वतःच्या वर्गणीसोबत पीएफमध्ये साठतात. पेन्शनचे सूत्र साधे आहे: शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. २० वर्षे भरली तर निवृत्तीच्या वेळी २ वर्षे जादा धरतात. १२,००० च्या पगारावर महिन्याला ३,७७१ रुपये होतात. ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. पण नोकर नोकरीत असताना वारला, तर एका महिन्याची वर्गणीदेखील त्याच्या पत्नीला विधवा पेन्शन मिळवून देते. तिच्यासोबत दोन मुलांनाही, वयाची २५ वर्षे होईपर्यंत. विम्याची रक्कम वेगळी, जास्तीत जास्त ७ लाख रुपये. रात्रपाळीच्या माणसाच्या घरी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

दोन अटी मात्र कमिटीने नीट समजून घ्याव्यात. मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि सदस्यत्व ५८ व्या वर्षी संपते. म्हणजे वॉचमनने ४८ ओलांडले की दार जवळजवळ मिटते. मात्र तो पूर्वी एखाद्या कारखान्यात असेल आणि तिथले पेन्शनचे पैसे त्याने काढले नसतील, तर ती जुनी वर्षे यात जोडता येतात. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने बंद पडल्यावर पहाऱ्याच्या कामाला लागलेले किती तरी लोक उपनगरांत होते. तेव्हा जुना पीएफ क्रमांक आहे का, हे विचारावेच. दुसरी अट पगाराची. १५,००० पेक्षा जास्त पगारावर प्रथमच सदस्य होणाऱ्याला १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शन योजना खुली नाही. त्याला फक्त पीएफ मिळतो.

आपल्याकडे ही वाट ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये मात्र २०१२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमाने, घरी एकच सेविका ठेवणाऱ्या मालकालाही, ठरावीक पगारावरच्या नोकराला पेन्शनमध्ये आपोआप घालावे लागते, आणि त्या मर्यादेखालचा नोकर स्वतःहून प्रवेश मागू शकतो. आपल्याकडे घरकामाच्या बाईंसाठी २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना आहे: १८ ते ४० वयात दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळतात. चाळिशी उलटलेल्या बाईंना ती बंद आहे, ही तिची मोठी उणीव.

उपनगरांत भविष्य निर्वाह निधीची कार्यालये वांद्रे आणि कांदिवली इथे आहेत. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदाच्या नोटिशीत हा विषय क्रमांक देऊन घालायला सेक्रेटरींना सांगा. ‘आयत्या वेळच्या विषयां’त तो ढकलू देऊ नका. आणि सभेआधी खाली जाऊन तुमच्या वॉचमनचे वय विचारून या.