चोवीस तास गेले कुठे?

एक कामगार पगाराचा कागद घेऊन आमच्याकडे आला. १३ दिवस रोज २ तास जादा काम. बेरजेच्या घरात मात्र २:००! आम्ही आधी मालकावर संशय घेतला. धंद्याची खोड, दुसरे काय! पण लबाडी नव्हती. कागद एक्सेलवर केलेला होता.

एक्सेलच्या हिशेबी पुरा दिवस म्हणजे १, आणि तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग. २६ तास त्याच्या पोटात १.०८३३ असे असतात. त्या घराला 'एच:एमएम' हे रूप दिले की ते भिंतीवरच्या घड्याळासारखे वागते; दिवस सोडून देते, उरलेले २ तास दाखवते. पहिल्या अक्षराला चौकटी कंस घालून '[एच]:एमएम' करा, २६:०० दिसतील. आतला आकडा दोन्ही वेळा तोच.

मेख पुढेच आहे. २६ दिसले म्हणून त्या घराला थेट दराने गुणू नका. तासाला १०० रुपये दर असेल तर १०८ रुपये ३३ पैसेच येतील! आधी २४ ने गुणावे, मग दराने. २६०० रुपये होतात.

कारकुनाने दिसले तेवढ्या दोनच तासांचे पैसे लावले होते. त्याच्यासमोर बसून आम्ही कंस घातले. बाकीच्या २४ तासांचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. मग आम्ही खात्यातल्या इतरांचेही कागद मागवले.