सरासरीच्या आड दडलेला सर्व्हर

20 ऑक्टोबर 2025, नरक चतुर्दशीची दुपार. अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियातली ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारखी ॲप्स जगभर अडखळली. डायनॅमोडीबी या तिथल्या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीचा (सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) तो घोळ बातम्यांत पुरेसा चघळून झाला आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न: आपला सर्व्हर आजारी आहे, हे त्याच्या मालकाला कळतं कधी? अनेक छोट्या कंपन्यांत ते ग्राहकाचा फोन आल्यावरच कळतं.

खरं तर दूरच्या लिनक्स सर्व्हरचे आलेख उभे करणं आता एका दुपारचं काम आहे. नोड एक्स्पोर्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवरची आकडेवारी 9100 पोर्टवर मांडतो, दुसऱ्या मशिनवरचा प्रोमिथियस ती ठरावीक सेकंदांनी उचलतो आणि ग्राफाना तिचे आलेख काढतो. तिन्ही मुक्त आणि फुकट. तो 9100 पोर्ट तेवढा साऱ्या जगाला उघडा ठेवू नका. फायरवॉलमध्ये फक्त प्रोमिथियसच्या मशिनला वाट द्या.

खरी मेख आलेखात काय बघायचं, यात आहे.

2008 च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या डेटा सेंटरमध्ये ब्रेंडन ग्रेग हा अभियंता डिस्कच्या रॅकजवळ तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडला. सहकारी ब्रायन कँट्रिलने ते चित्रित केलं. तो व्हिडिओ जरूर शोधून पाहा. ओरडण्याच्या कंपनांनी डिस्कचं काम अडखळलं आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर ठिपके उंच उडाले. तो आलेख ‘हीटमॅप’ होता: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर विलंब, आणि जिथे विनंत्यांची गर्दी तिथे रंग गडद. झटपट उरकलेल्या विनंत्या तळाशी, रखडलेल्या वर, अगदी वेगळ्या उठून दिसणाऱ्या. सरासरीची एकच रेष काढली असती, तर त्या मोजक्या रखडलेल्या विनंत्या बाकीच्यांत विरून गेल्या असत्या.

हिशेबच करून पाहा. सीपीयू 30 सेकंद 100 टक्के तापला आणि उरलेली साडेचार मिनिटं 10 टक्क्यांवर राहिला, तर पाच मिनिटांची सरासरी येते 19 टक्के. आलेख म्हणतो सगळं आलबेल, आणि त्या अर्ध्या मिनिटात फॉर्म भरणाऱ्याचं पान मात्र गोल गोल फिरत असतं. म्हणून नोंद पंधरा सेकंदांनी घ्या, आणि सरासरीशेजारी शंभरातल्या सर्वांत रखडलेल्या पाच विनंत्यांना किमान किती वेळ लागला, तेही काढा.

‘लोड ॲव्हरेज’वरही आंधळा विश्वास नको. लिनक्सवर हा आकडा सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांबरोबर डिस्कपाशी अडकलेल्या प्रक्रियाही मोजतो. असं का, हे शोधताना याच ग्रेगने 2017 मध्ये थेट 1993 मधला मूळ बदल हुडकून काढला. लोड 20 वर गेला म्हणून मोठा सर्व्हर घ्यायला धावण्याआधी डिस्कचा आलेख उघडा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशिनवर ‘स्टील’ (steal) हा आकडाही बघा: आपल्याला सीपीयू हवा असताना यजमान मशिनने तो दुसऱ्याला दिला, तो वेळ तिथे दिसतो.

आणि पहारेकरी घराबाहेरच हवा. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनची एस थ्री ही फाइल साठवणुकीची सेवा बंद पडली, तेव्हा सेवांची स्थिती सांगणारा कंपनीचा फलकच एस थ्रीवर अवलंबून निघाला. सुमारे दोन तास त्यावर खरी स्थिती टाकता आली नाही. आपला सर्व्हर जिथे आहे, त्याच कंपनीच्या त्याच केंद्रात प्रोमिथियस ठेवणं म्हणजे हीच चूक नव्याने करणं.

आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल, प्रवेशाच्या याद्या, भरतीचे अर्ज यांचा भार वर्षातून एखाददुसऱ्या दिवशीच येतो. अशी संकेतस्थळं जनतेच्या पैशाने चालतात, तेव्हा त्यांचे आलेख जनतेला दिसायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी एक किल्ली आधी फिरवावी लागेल. प्रोमिथियस मुळात 15 दिवसांचीच नोंद ठेवतो. मागच्या निकालाच्या दिवशी सर्व्हर किती वाजता, कशामुळे गुदमरला हे यंदा पाहायचं असेल, तर ती मुदत वाढवून किमान 400 दिवस करा आणि तेवढ्या डिस्कची सोय आजच करून ठेवा.